दोन तास अठराव्या मिनिटाची नोंद

सहदेव ठोंबरे सिनेमाला निघाले की त्यांची बायको शकू दारातून विचारायची, "डबा भरून देऊ काय? ड्युटीवर निघालात जनू!"

ती चेष्टा करायची, पण खोटं बोलत नव्हती. भिवपुरीच्या, पाण्यावर वीज करणाऱ्या पॉवर हाऊसमध्ये सहदेवांनी चौतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. दर तासाला पॅनेलसमोर उभं राहायचं, काटा कुठे आहे ते बघायचं आणि लॉगशीटवर लिहायचं. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने ते घरातल्या पाण्याच्या टाकीची पातळी लिहीत होते. मग एकदा पुतण्या स्वप्नील त्यांना कर्जतच्या टॉकीजला घेऊन गेला आणि पाण्याची टाकी सुटली.

सिनेमाला ते मनगटावर घड्याळ बांधून जात, मांडीवर पुठ्ठ्याचं पॅड आणि पॅडला दोरीने बांधलेलं पेन. कागदावर तीन रकाने आखलेले असत: वेळ, काय दाखवलं, शेरा. अंधारात सरळ ओळीत लिहायची सवय हाताला आधीपासूनच होती.

रविवारी सकाळी दहाला मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात ते ती नोंद वाचून दाखवत. सुरुवातीला पाचसात रिकामटेकडी माणसं ऐकायला बसत. मग स्वप्नीलने मोबाईलवर टिपून ते यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली आणि 'सहदेवकाकांची नोंद' बघता बघता खोपोली-पनवेलपर्यंत पोचली.

"एक तास चार मिनिटं," ते चष्मा सावरून वाचत. "हिरो गच्चीवरून पडतो. जमिनीला टेकायला अकरा सेकंद. शेरा: अकरा सेकंदात माणूस जवळजवळ सहाशे मीटर खाली येतो. माथेरानच्या कड्यावरून पडला असता तर हिशेब जमला असता. बिल्डिंग तीन मजल्यांची होती."

मंडपात हशा.

"एक तास बावीस. आई रडते. चुलीवर भाकरी. रडणं चार मिनिटं, भाकरी उलटलेली नाही, करपलेलीही नाही. शेरा: चुलीत जाळ नाही. रडण्यातही नव्हता."

पण सगळ्या नोंदी हसण्यासारख्या नसत. एका गाजलेल्या सिनेमात हिरो हिरॉइनच्या थोबाडीत मारतो आणि लगेच दोघांचं गाणं सुरू होतं. त्या ओळीवर सहदेव थांबले होते. मग त्यांनी वाचलं, "या जागी टॉकीजमध्ये टाळ्या पडल्या. शेरा: ही नोंद सिनेमावर नाही, प्रेक्षकांवर आहे." त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. दोनतीन बाप्ये मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले होते.

"तुमाला आवडतं तरी काय वो काका?" स्वप्नीलने एकदा विचारलं होतं.

"खोटं चालतं मला. सिनेमा म्हटला की खोटं आलंच," सहदेव म्हणाले होते. "पण भाकरी खरी ठेव. भाकरी खरी असली तर आईचं रडणं मी मानीन. एवढीशी गोष्ट ज्याला धड दाखवता येत नाही, त्याचं मोठं दुःख मी का खरं धरू?"

लॉगशीटचे नियमही त्यांनी तसेच ठेवले होते. काट्याने दाखवलं तेच लिहायचं. आणि खोडायचं काही नाही. नोंद चुकली तर तिच्यावरून एकच बारीक रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नोंद लिहायची, सही करायची, आणि खाली दुसऱ्या माहीतगाराची सही घ्यायची. चूक झाकायची नाही, दिसू द्यायची. चार वर्षांत त्यांच्यावर रेघ मारायची वेळ आली नव्हती, आणि याचा त्यांना मनातून थोडा ताठा होता.

त्यांची एकुलती एक मुलगी, ऋतिका, सिनेमातच होती. पडद्यावर नव्हे, पडद्यामागे. भौतिकशास्त्रात बीएस्सी करून ती काही दिवस घरी होती, तेव्हा लोधिवलीजवळच्या एका शेडमध्ये सेट उभारायचं काम चालू होतं. तिथल्या सुतारांना मापं काढून द्यायला ती गेली ती त्याच वाटेला लागली. आता कलादिग्दर्शकाच्या हाताखाली होती, मुंबईत दोघी मैत्रिणींबरोबर राहायची आणि दर बुधवारी संध्याकाळी आठ वाजता फोन करायची. सहदेवांनी तिला कधी अडवलं नाही. पण "पोरी, काय करतेस ते दाखव बघू" असंही कधी म्हटलं नाही. कुणी विचारलं तर "सिनेमात आहे" म्हणत आणि विषय बदलत.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी ती म्हणाली, "बाबा, शुक्रवारी लागतोय. 'पाणीवाला वाघ'. शेवटी नाव आहे माझं. बारीक अक्षरात, पण आहे."

"बघीन."

"आणि नेहमीसारखंच बोला. माझं म्हणून काही गिळू नका."

"मी कशाला गिळीन?"

"हां. फक्त शेवटाकडचं नीट बघा. आईला सांगा, शिमग्याला चार दिवस येतेय."

फोन ठेवल्यावर शकू म्हणाली, "अवो, या रविवारी तोंडाला जरा कुलूप लावा. पोरीचं पयलं काम हाय."

"तीच म्हणाली, गिळू नका."

"ती म्हनंल. तुमी बाप हाव ना?"

शुक्रवारी दुपारच्या खेळाला दोघं कर्जतला गेली. सहदेवांनी नवा कागद आखून घेतला होता.

'पाणीवाला वाघ'ची गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. डोंगराखालचं एक गाव, वरच्या पॉवर हाऊसमधून सुटणाऱ्या पाण्यावर तिथली शेती. एक गब्बर माणूस मशीन बंद पाडतो, गाव तहानेने तळमळतं, मग हिरो येतो, पन्नास गुंडांना लोळवतो आणि पाणी सोडतो. मध्ये सहा गाणी. सहदेवांचं पेन अखंड चाललं होतं. तहानेने तळमळणाऱ्या गावातल्या सगळ्या बायकांच्या साड्या धुऊन इस्त्री केलेल्या. पन्नास गुंड रांगेत उभे, आपला नंबर यायची वाट बघणारे.

मध्यंतरानंतर मात्र पडद्यावर पॉवर हाऊसची कंट्रोल रूम आली आणि ते खुर्चीत पुढे सरकले. पॅनेलसमोरची तांबडी रबरी चटई होती. टेबल उतरतं होतं, लॉगशीटचं असतं तसं. पितळी कठड्यावर हात ठेवायच्या जागीच तेवढी चकाकी होती. कुणीतरी बघून केलंय, असं त्यांच्या मनात आलं. पण बरोबर असलेल्या गोष्टीची नोंद करायची त्यांना सवय नव्हती. काटा जागेवर असला की ऑपरेटर पुढच्या काट्याकडे जातो.

मग त्यांना घड्याळ दिसलं.

पॅनेलच्या वर गोल तबकडीचं जुनं घड्याळ. चार वाजून दहा मिनिटं. पुढच्या प्रसंगात बाहेर सकाळ होती, आत चार दहा. त्यानंतर तिन्हीसांज, आत चार दहा. सहदेवांनी तीनदा बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि शेवटी, हिरोने पाण्याचा मोठा व्हॉल्व्ह फिरवला तेव्हा, घड्याळ चौथ्यांदा दिसलं. चार दहा. त्यांनी मनगटावर बघितलं, मान खाली घातली आणि लिहायला लागले. दोन ओळी भरल्या. टॉकीजमध्ये कुणीतरी शिटी मारली. त्यांनी वर बघितलं तेव्हा हिरो गुडघाभर पाण्यात नाचत होता.

शेवटी नावं वर सरकू लागली. शकू उभी राहून एकेक अक्षर शोधत होती. "हां! ऋतिका सहदेव ठोंबरे! बघितलंव?" तिने पदर डोळ्यांना लावला.

"बघितलं," सहदेव म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

रविवारी मंडप भरला होता. ठोंबऱ्यांच्या पोरीचा सिनेमा म्हणून बायाही आल्या होत्या. सहदेवांना ठाऊक होतं की आज सगळे त्यांच्या तोंडाकडे बघताहेत, बाप कुठे कच खातो ते बघायला. त्यामुळे त्यांनी आवाज नेहमीपेक्षा चढाच लावला. साड्यांवर हशा झाला, गुंडांवर झाला. मग ते शेवटच्या नोंदीवर आले.

"दोन तास अठरा. कंट्रोल रूममधलं घड्याळ पूर्ण सिनेमाभर बंद. शेरा: जिथे सेकंदासेकंदाला किंमत, तिथे करोडोंच्या सिनेमाला घड्याळात घालायला एक सेल मिळाला नाही." हशा ओसरायची त्यांनी वाट बघितली. मग कागदावर नसलेलं एक वाक्य त्यांच्या तोंडून गेलं. "ज्याने ही खोली मांडली, त्याने कंट्रोल रूम आयुष्यात कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वप्नीलने व्हिडिओ टाकला आणि तो असा पळाला की सोमवारी संध्याकाळी पुण्याहून कुणाकुणाचे फोन आले. "बापाने लेकीचा सिनेमा धुतला," असं कुणीतरी त्यावर लिहिलं होतं.

बुधवारी आठ वाजले. सहदेव फोन मांडीवर घेऊन बसले होते. सव्वाआठला शकूने ताटं वाढली. साडेआठला ती म्हणाली, "जेवा आता. काटा नाय हलायचा."

गुरुवारी सकाळी फोन आला तो शकूच्या मोबाईलवर. ती ओट्याशी उभी राहून बराच वेळ नुसतं "हां... हां गं..." करत होती. मग तिने फोन सहदेवांपुढे धरला. "घ्या."

"बाबा, दोन अठराला तुम्ही काय बघत होतात?" ऋतिकाचा आवाज शांत होता.

"घड्याळ."

"त्यानंतर?"

"त्यानंतर नोंद लिहिली."

"म्हणजे कागद बघत होतात. बाबा, गाण्यांना नावं ठेवलीत ते बरं केलंत. आम्हीसुद्धा ठेवतो. साड्यांबद्दल मी भांडले होते, कुणी ऐकलं नाही. पण अख्ख्या सिनेमात माझी म्हणून सोळा सेकंदं होती. ती दिग्दर्शकांनी माझ्याकडून मागून घेतली होती. आणि तुम्ही मंडपात सांगितलंत की मी ती खोली कधी डोळ्यांनी बघितली नाही."

"सोळा सेकंदांत काय होतं?"

"मी नाही सांगणार. सांगून कळायचं असतं तर सिनेमा कशाला काढायचा?" मग ती हळूच म्हणाली, "ते घड्याळ कशावर चालतं बाबा? सेलवर?"

फोन बंद झाला. शकू म्हणाली, "शिमग्याला नाय येत म्हनते. काम हाय म्हनते." आणि तिने तवा असा आपटला की कोंबड्या अंगणात पळाल्या.

सहदेव पायरीवर जाऊन बसले. घड्याळ कशावर चालतं? पॉवर हाऊसमध्ये दोन घड्याळं होती. एक चावीचं, ते खरी वेळ दाखवी. दुसऱ्याला चावी नव्हती, सेल नव्हता; ते दोन नंबरच्या मशीनच्या विजेवर फिरे. मशीन जरा जोरात धावलं की ते पुढे जाई, रेंगाळलं की मागे पडे. दोन घड्याळांतला फरक बघून मशीनची चाल कळे. आणि मशीन थांबलं की ते थांबे. चौतीस वर्षं ज्याच्या खाली ते बसले, त्या घड्याळात त्यांनी रविवारी, भर मंडपात, सेल घातला होता.

ते उठले. "शकू, मी कर्जतला जाऊन येतो."

"मी पन येतंय," शकू म्हणाली.

टॉकीजच्या खिडकीत मॅनेजर कमलेश बसला होता. सहदेवांना बघून त्याने हातच जोडले. "काका, आता कुठला बघायला आलाव?"

"पाणीवाला वाघ."

"परत? अवो तुमीच तर त्याला पाडलात! शेवटचा दिवस हाय. उद्यापासून दुसरा लागतोय."

"आज तर आहे ना?"

"दहा मानसं जमली तर लावतो. आतापर्यंत तीन हायेत, तुमी दोगं धरून पाच. बारा चाळीसपर्यंत बघतो, नायतर शो रद्द."

बारा वीस झाले होते. सहदेव बाहेर येऊन पायऱ्यांवर उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कुणाला सिनेमा बघ म्हणून सांगितलं नव्हतं. समोरून कॉलेजची दोन पोरं चालली होती. त्यांनी घसा खाकरला. "सिनेमाला येता का रे?"

पोरांनी त्यांना ओळखलं. "काका, तुमी तर म्हनालाव बकवास हाय!"

"वाईट आहे म्हणालो. बघू नका म्हणालो नाही."

"म्हंजे आमी वाईट हाय म्हनून बघायचा?"

"शेवटाकडचं चांगलं आहे."

"किती?"

"सोळा सेकंद."

पोरं हसत पुढे गेली. मागे वळून एकाने मोबाईलवर त्यांचा फोटोही काढला. सहदेवांचे कान तापले. रस्त्याच्या पलीकडे कशेळ्याला जाणारी जीप उभी होती. बाजार करून आलेल्या पाचसहा बाया ती भरायची वाट बघत पिशव्यांवर बसल्या होत्या. शकू त्यांच्याकडे गेली. त्यांतली एक, आवडी, तिच्या माहेरच्या नात्यातली निघाली.

"आवडे, सिनेमा बघतेस काय गं? माझ्या पोरीचा हाय."

"पोरगी नाचते काय त्यात?"

"नाय गं. घड्याळ लावते."

"घड्याळ लावते?" आवडीने सोबतिणींकडे बघितलं. "आत थंडगार मशीन हाय काय?"

"हाय," सहदेव घाईने म्हणाले.

"मंग चला गं. जीप काय भरत नाय अजून. दोन घटका पाय तरी पसरू."

सहा बाया पिशव्यांसकट आत शिरल्या. कमलेशने मोजून मान हलवली आणि दिवे विझले.

या वेळी सहदेवांनी पॅड आणलं होतं, पण दिवे विझताच ते शकूच्या मांडीवर ठेवलं. "धर. मागितलं तरी देऊ नको."

रिकामे हात त्यांना अवघड झाले. काय करायचं त्यांचं? त्यांनी ते काखेत घातले. सिनेमा पहिल्याइतकाच वाईट होता. बाया मात्र मनापासून बघत होत्या, गुंडांना शिव्या देत होत्या. मशीन बंद पाडणारा माणूस खटका खाली ओढतो तो प्रसंग आला, आणि सहदेवांनी पहिल्यांदाच बघितलं की तेव्हा घड्याळ चालू होतं. चार दहाला ते थांबलं. म्हणजे ते बंद नव्हतं, थांबलं होतं. गावाचं पाणी गेलं त्या क्षणावर.

दोन तास अठरा. हिरोने व्हॉल्व्ह फिरवला. पाण्याचा आवाज आला, मशीनचा हुंकार चढू लागला. घड्याळ, चार दहा. ते तसंच राहिलं. मग खालून एक लाकडी स्टूल सरकवलं गेलं. पॉवर हाऊसच्या राखणदाराची आठनऊ वर्षांची मुलगी, सिनेमाभर कोपऱ्यात दिसणारी, त्या स्टुलावर चढली. तरी हात पुरेना. मागून दोन मोठे हात आले आणि तिला कमरेला धरून वर उचललं. त्या माणसाचं तोंड दिसलं नाही. खाकी बाही दिसली, आणि खिशाला दोरीने बांधलेलं पेन. मुलीने तबकडीखालची पितळी गुंडी चिमटीत धरली आणि फिरवली. सेकंदकाटा थरथरला, क्षणभर अडला आणि धावू लागला.

"पोरीनं चालू केलं गं घड्याळ!" आवडी अंधारात मोठ्याने म्हणाली.

सगळ्यांना दिसलं होतं. दिसायला काहीच कठीण नव्हतं.

सहदेवांना ती खंडेनवमी आठवली. वर्षातून त्या एका दिवशी घरच्यांना पॉवर हाऊसमध्ये सोडत. पूजेसाठी दोन नंबरचं मशीन थांबवलेलं, त्याला झेंडूच्या माळा, बायकापोरं नटूनथटून आलेली. मशीन थांबलं तसं त्याचं घड्याळही थांबलं होतं. पूजा झाली, मशीन सुरू झालं, तरी घड्याळ थांबलेलंच, कारण ते आपोआप सुरू होत नसे. मध्ये वीज गेली होती हे सगळ्यांना कळावं म्हणून त्याची रचनाच तशी होती. माणसाने उठून, वेळ जुळवून, हाताने गुंडी फिरवावी लागे. सहदेवांनी स्टूल ओढलं होतं. "मी, मी" म्हणत एक पोरगी पायात आली होती. नव्या फ्रॉकची, हाताला हळद लागलेली. त्यांनी तिला उचललं होतं.

त्या दिवसाच्या लॉगशीटवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं असणार: चार दहा, युनिट दोन बंद, पूजा; पाच वाजून पाच, सुरू. पोरीसाठी लॉगशीटवर रकाना नव्हता. आणि जे लिहिलं नाही ते वीस वर्षांत त्यांच्या डोक्यातूनही गेलं होतं.

पडद्यावर गाणं सुरू झालं. शकूने पॅड त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी घेतलं नाही. तिने ते परत आपल्या मांडीवर ओढलं आणि पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं.

पुढच्या रविवारी मंडपात सहदेवांनी जुनाच कागद काढला.

"आज नवा सिनेमा नाही," ते म्हणाले. "एक नोंद चुकली आहे. चूक सिनेमाची नाही, ऑपरेटरची." त्यांनी दोन अठराची नोंद पुन्हा वाचली, तिच्यावरून एक बारीक रेघ मारली आणि शेजारी लिहिलेलं वाचून दाखवलं. "घड्याळ मशीनच्या विजेवर चालणारं. मशीन थांबलं तेव्हा थांबलं, हाताने सुरू केलं तेव्हा सुरू झालं. बरोबर आहे. ही खोली मांडणाऱ्या व्यक्तीने कंट्रोल रूम पाहिलेली आहे. नोंद घेणाऱ्याने त्या वेळी मान खाली घातली होती." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गाणी, साड्या आणि गुंड यांच्या नोंदी कायम."

थोडं हसू झालं. स्वप्नीलने मोबाईल खाली केला. "काका, हा कोन बघनार नाय. शिव्या असल्या की लोक बघतात."

"टाक तू."

"आनि खाली दुसरी सही लागते ना? द्या, मी करतो."

"तुला मशीन ठाऊक नाही. माहीतगाराची लागते," सहदेव म्हणाले आणि ती जागा कोरी ठेवून पॅड घरी नेऊन खिळ्याला अडकवलं.

स्वप्नीलचं खरं झालं. तो व्हिडिओ गावाबाहेर फारसा कुणी बघितला नाही. बुधवारी आठला फोन वाजला. ऋतिका आईशी बोलली, कोंबड्यांची चौकशी केली आणि ठेवून दिला. त्यानंतरच्या बुधवारीही तसंच. सहदेवांनी फोन मागितला नाही.

होळीच्या दिवशी दुपारी बांधावरून ती येताना दिसली. दोन्ही बाजूंना पॉवर हाऊसच्या पाण्यावरचं उन्हाळी भात पोटरीएवढं झालं होतं. खांद्याला पिशवी, पायात माती लागेल म्हणून चपला हातात. शकू भांडी टाकून धावली. सहदेव पायरीवरून उठले आणि परत बसले.

"आलीस?"

"आले. काम रद्द झालं," ती म्हणाली. कुठलं काम ते कुणी विचारलं नाही.

पुरणपोळी खाऊन झाल्यावर ती हात पुसत भिंतीपाशी गेली आणि खिळ्याचं पॅड काढलं. उभ्या उभ्याच तिने कागद वाचला. रेघेखालची जुनी नोंदही वाचली. पेनाची दोरी आखूड होती, म्हणून पॅड घेऊन ती सहदेवांच्या शेजारी पायरीवर बसली, गुडघ्यावर कागद टेकवला आणि कोऱ्या जागेवर सही केली. मग शेऱ्याच्या रकान्यात आणखी एक ओळ लिहून पॅड त्यांच्यापुढे धरलं.

सहदेवांनी वाचलं. 'व्हॉल्व्ह उघडल्यापासून वीस सेकंदांच्या आत घड्याळ सुरू. इतक्या लवकर मशीन वेग धरत नाही. चूक.'

"मी सांगितलं होतं त्यांना," ऋतिका म्हणाली. "म्हणाले, एवढा वेळ प्रेक्षक थांबणार नाही. ही खरी चूक होती बाबा. तुमच्या नजरेतून सुटली कशी?"

सहदेवांनी ती ओळ परत वाचली. बरोबर होती. कुठल्याही ऑपरेटरला दिसायला हवी होती.

"मी पोरीकडे बघत होतो," ते म्हणाले.